दोन टेबलांच्या मधला सांधा : सोलापुरातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, तसेच आरोग्य शिबिरे भरवणारे अधिकारी व मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या पूर्व भागात महिलांसाठी आरोग्य शिबिर झालं. हॉलमध्ये सहा टेबलं मांडली होती. शेजारच्या अक्काला घेऊन मी गेले होते. अक्का विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. वर्षभरापासून तिला घेरी येते, मान धरते, उजव्या कानाला दडा बसतो आणि सकाळी उठल्यावर तोंड नीट उघडत नाही.

पहिल्या टेबलावर बीपी, साखर, हिमोग्लोबिन बघितलं. ते बघायलाच हवं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "मणक्यात गॅप असणार, एक्स-रे काढा." चक्करची गोळी दिली. मी म्हटलं, "साहेब, हिचा जबडा एकदा बघता का? तोंड उघडताना कट्‌कन वाजतो." ते म्हणाले, "ते दाताच्या टेबलावर." आम्ही दाताच्या टेबलावर गेलो. तिथल्या मॅडमनी तोंडात बघितलं, मिसरी लावता का विचारलं, दोन दाढा किडल्यात म्हणून सांगितलं. मी घेरीचं आणि मानेचं सांगायला लागले, तर म्हणाल्या, "चक्कर आमच्याकडे नाही हो, तिकडे दाखवा."

दोन टेबलांत दहा पावलांचंही अंतर नव्हतं. अक्का हातात चिठ्ठी धरून मधेच उभी राहिली, आणि मग आम्ही घरी आलो.

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या दहा पावलांत माझी स्वतःची अडीच वर्षं गेली आहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. शिबिर भरवणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि टेबलावरचे दोघेही आपापलं काम नीट करत होते. तरीही अक्काच्या जबड्याचा सांधा तपासायचा राहिला.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी शाळेचे गणवेश शिवते. एकोणीस वर्षं मशीनवर बसले आहे. जूनच्या आधीचे तीन महिने दिवस आणि रात्र यांत फरक राहत नाही. मान पुढे झुकलेली, नजर सुईवर, आणि दोरा दातानं तोडायचा. कात्री उचलायला लागणारा वेळही वाचवायचा असतो. दिवसाला किती वेळा दोरा तोडला असेल याचा हिशोब मी कधी केला नव्हता. कोणी विचारलाही नव्हता.

पहिली घेरी मशीनवरून उठताना आली. खोली फिरली नाही. पायाखालची फरशी मऊ झाल्यासारखी वाटली आणि तोल एका बाजूला गेला. मग ते वरचेवर होऊ लागलं. मान डावीकडून आखडायची, ती कळ डोक्याच्या मागून वर चढत कानशिलापर्यंत यायची. कान भरून यायचा. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. गाडीवर मागे बसायची भीती वाटू लागली. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमात मी भिंतीला टेकून उभी होते, आणि ती स्टेजवरून आई बरी आहे ना हे बघत होती. हे मी अजून विसरले नाही.

माझी फाईल मी परवा पुन्हा उघडली. चक्करच्या गोळ्यांच्या चौदा चिठ्ठ्या. कानाचा तपास, ऐकू येण्याची चाचणी, दोन्ही नॉर्मल. मानेचा एक्स-रे, मानेचा पट्टा, महिनाभर शेक. मग एमआरआय, त्याच्या रिपोर्टवर "वयानुसार बदल". मग मेंदूच्या डॉक्टरांकडून मन शांत राहण्याची गोळी. पावत्यांची बेरीज एकसष्ट हजारांच्या वर जाते. या सगळ्यात एकाही ठिकाणी मला कोणी "तोंड उघडून दाखवा" असं म्हटलं नाही. दातांच्या दवाखान्यातही मी दोनदा जाऊन आले. तिथे तोंड उघडलं, पण दात बघण्यासाठी.

शेवटी हे सापडलं एका फिजिओथेरपिस्ट ताईंना. मानेचे व्यायाम शिकवता शिकवता त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवलं आणि तोंड हळू उघडायला सांगितलं. डाव्या बाजूला कट्‌कन आवाज आला आणि जबडा एका बाजूला सरकत उघडला. मग त्यांनी गालाचा स्नायू चिमटीत धरून दाबला. अडीच वर्षं माझ्या डोक्याला, कानाला आणि मानेला होणारी तीच वेदना त्या एका दाबात उमटली. मी रडले. दुखलं म्हणून नव्हे. कुणीतरी अखेर तिथे हात ठेवला म्हणून.

आपल्याला हे शास्त्र मी शिकवावं असं काही नाही. पण हे पत्र माझ्यासारख्या बायकाही वाचणार आहेत, म्हणून मला समजलं तसं लिहिते. कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. खालचा जबडा तिथे कवटीच्या खोबणीत बसतो आणि मधे एक लहानशी चकती असते. तोंड उघडताना सांधा आधी फिरतो, मग पुढे घसरतो. चकती जागेवरून सरकली की आवाज येतो, कधी जबडा अडकतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल तर काही करावं लागत नाही. दुखणं पुष्कळदा सांध्यापेक्षा त्याला ओढणाऱ्या स्नायूंत असतं. दात आवळून धरणं, झोपेत दात खाणं, ताण, दाढेच्या कामासाठी फार वेळ तोंड उघडं ठेवणं, मार लागणं, अशी कारणं एकात एक मिसळतात. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो.

मानेशी याचं नातं जवळचं आहे. चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या वेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या मेंदूच्या देठाचा खालचा भाग आणि मज्जारज्जूचा वरचा भाग जिथे जुळतो तिथे एकत्र येऊन मिळतात. त्यामुळे दुखतं एकीकडे आणि कळ दुसरीकडे जाणवते. तोल सांभाळायला मेंदू आतल्या कानाकडून, डोळ्यांकडून आणि स्नायू-सांध्यांकडून खबर घेतो, आणि मानेच्या वरच्या बारीक स्नायूंची खबर त्यात फार महत्त्वाची असते. मान सतत आखडलेली राहिली की ती खबर बिघडू शकते. कानाच्या पडद्याला ताणणारा इवलासा स्नायूही चावण्याच्या स्नायूंच्याच नसेवर चालतो. दडा बसण्याचं एक स्पष्टीकरण तिथून दिलं जातं.

हे नवं नाही. अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्येच जबड्याच्या सांध्याचा बिघाड आणि कानाच्या तक्रारी, त्यात चक्करही, एकत्र मांडल्या होत्या. पडलेल्या दाढांमुळे सांधा मागे सरकून नसा दाबतो असं त्यांनी दिलेलं कारण पुढे टिकलं नाही. तक्रारी मात्र एकत्र येतच राहिल्या. जबडा दुखणाऱ्यांमध्ये चक्कर, कानात आवाज, दडा आणि मानदुखी इतरांपेक्षा जास्त दिसते, हे नंतरच्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा आलं आहे. कुणात जबडा कारण असतो, कुणात मान, आणि कुणात दोन्ही एकाच ताणाची फळं असतात, हे रुग्ण तपासूनच ठरतं. माझं मागणं त्या तपासण्याचंच आहे.

घेरीचा दोष सरसकट जबड्यावर टाकावा असा माझा हट्ट नाही. अंगात रक्त कमी असतं, बीपी खालीवर होतं, अर्धशिशी असते, औषधांचा परिणाम असतो. आतल्या कानातले कण सरकून येणारी चक्कर तर फार जणांना असते आणि खाटेवर मान वळवून झोपवून, डोळ्यांची हालचाल बघून काही मिनिटांत ओळखता येते. माझ्या चार डॉक्टरांपैकी एकानंच ती तपासणी केली, आणि त्यांची मी आभारी आहे. अचानक घेरीबरोबर बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, दोन-दोन दिसू लागलं, तर थेट मोठ्या दवाखान्यात धावायचं असतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील ठणकू लागलं आणि चावताना जबडा भरून येऊ लागला, तर तो डोळ्यांवर बेतणारा रक्तवाहिनीचा आजारही असू शकतो. असं असताना तर जबड्याबद्दल न विचारणं जास्तच धोक्याचं आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. हा सांधा कुणाच्याच खात्यात नाही. दाताचे डॉक्टर आणि बाकीचे डॉक्टर यांची कॉलेजं वेगळी, परिषदा वेगळ्या. दंतवैद्यांचा कायदाच १९४८ पासून वेगळा आहे. कागदावर हे ठीक असेल, पण माझ्या अंगात तशी भिंत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीनं २०२० मध्ये जबड्याच्या सांध्याच्या आजारांवर मोठा अहवाल दिला. त्यातही वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्या फारकतीमुळे या रुग्णांची परवड होते, हे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ही केवळ सोलापूरची कथा नाही. पण धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून लोक ज्या गावात उपचाराला येतात, त्या गावाकडून मी जास्त अपेक्षा ठेवते. पहाटेची एसटी धरून आलेल्या बाईला पाच दवाखाने फिरवणं म्हणजे तिच्या पाच दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडणं.

दुसरी तक्रार "मणक्यात गॅप" या दोन शब्दांची. चाळिशीनंतर कुणाचाही एक्स-रे काढला तर मानेत थोडीफार झीज बरेचदा दिसतेच, काहीही न दुखणाऱ्यांमध्येही दिसते. आपल्याला हे माहीत आहे. पण तो शब्द एकदा फाईलवर पडला की पुढचा प्रत्येक जण तोच वाचतो आणि तिथेच थांबतो. माझ्या मनात त्या शब्दानं अशी धास्ती बसवली होती की मी मान वळवणंच सोडून दिलं. पट्टा महिनोन्‌महिने वापरला. त्यानं मान आणखी दुबळी झाली.

तिसरी, गोळ्या. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूची तोल परत शिकण्याची क्रिया मंदावते. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन लांबवली तर हात थरथरणं, हालचाल जड होणं असेही परिणाम होऊ शकतात, वयस्क माणसांत जास्त. मला "लागेल तशी घ्या" एवढंच सांगितलं होतं. मी दीड वर्ष घेतली. किती दिवस घ्यायची आणि कधी थांबवायची, हे चिठ्ठीवर लिहायला किती वेळ लागतो?

"टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते कानी पडलं की माझा जबडा आपोआप आवळला जायचा. ताणाचा आणि या दुखण्याचा संबंध आहे, हे मला मान्य आहे. पण मग तो संबंध समजावून सांगा. तुम्ही दिवसभर नकळत दात आवळता, म्हणून गाल दुखतो, म्हणून डोकं धरतं, असं सांगितलं असतं तर मी स्वतःकडे लक्ष दिलं असतं. नुसतं टेन्शन म्हटलं की बाईला वाटतं, माझं दुखणं खोटं ठरवलं. घरचेही मग तसंच धरून चालतात.

दंतवैद्यांविषयीही एक बोलायलाच हवं. माझ्या ओळखीच्या एका बाईच्या अक्कलदाढा "जबड्याचं दुखणं थांबेल" म्हणून काढल्या. दुखणं थांबलं नाही. दात तासून उंची बदलणं, सगळ्या दाढांना कॅप बसवणं, चांगल्या दाढा काढणं, हे परत फिरवता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत पहिला भर आहे तो समजावून सांगणं, जबड्याचे आणि शरीर सावरून बसण्याचे देखरेखीखाली व्यायाम, हातानं सैल करणं आणि ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशन यांवर. पुष्कळ रुग्ण साध्या उपायांनी बरे होतात. मग पहिल्याच भेटीत मोठ्या खर्चाचं कोटेशन कशासाठी?

विम्याचं थोडक्यात सांगते. मला रात्री दातांवर लावायची पट्टी करून दिली होती. माझ्या विमा कंपनीनं तो खर्च "दाताचा" म्हणून नाकारला, कारण दाताचे उपचार अपघाताशिवाय पॉलिसीत बसत नाहीत. 

माझ्यावर शेवटी झालेला उपचार इथे मुद्दाम सांगते, कारण त्यात महागडं काहीच नव्हतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विसाव्याची स्थिती शिकवली. मशीनवर एक लाल चिंधी बांधली; ती दिसली की दात सुटे करायचे. दोरा फक्त कात्रीनं. गालाला ओला शेक, जबड्याचे आणि मानेचे व्यायाम दिवसातून तीनदा. जांभई देताना हनुवटीखाली मूठ. खुर्ची दोन इंच उंच केली, म्हणजे मान कमी झुकते. तीन महिने मऊ खायचं. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडायला सांगणं किती जड आहे, हे आपण जाणता. माझी सासू रोज माझ्यासाठी भाकरी चुरून आमटीत भिजवून ठेवायची. चौथ्या महिन्यात मी कठडा न धरता जिना उतरले. घेरी पूर्ण गेली नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी येते, गणवेशाच्या हंगामात जास्त. पण मी कामावर आहे आणि गाडीवर मागे बसते.

माझ्या मागण्या अशा :

१. घेरी किंवा मानदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला जबड्याबद्दल विचारा. चावताना दुखतो का, वाजतो किंवा अडकतो का, सकाळी उठल्यावर जड असतो का. कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, ते बघा. याला एक मिनिटही लागत नाही.

२. दंतवैद्यांनी मान आणि घेरी विचारावी. तोंड कमी उघडत असेल तर मिसरी, सुपारी, गुटखा यांचं विचारणं बरोबरच आहे, कारण सुपारीनं तोंड आखडण्याचा आजार आपल्याकडे आहे आणि तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. पण उत्तर "नाही" आलं तर तपासणी तिथेच संपवू नका.

३. दुसरीकडे पाठवताना चार ओळी लिहून द्या. "तिकडे दाखवा" हा निरोप अक्कासारखी बाई दुसऱ्या डॉक्टरला सांगू शकत नाही.

४. परत न फिरवता येणारा कुठलाही उपचार साध्या उपायांना काही महिने दिल्याशिवाय सुचवू नका. सुचवलात तर तो परत फिरत नाही, हे रुग्णाला आधी सांगा.

५. आठवड्यातून एक दिवस, निदान दोन आठवड्यांतून एक दिवस, सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा, दंत आणि फिजिओथेरपी यांची एकत्र ओपीडी ठेवा. नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. तिघांनी एका खोलीत बसायचं आहे.

६. विडी कामगार, शिलाई कामगार आणि यंत्रमागावरच्या बायकांच्या शिबिरांत फिजिओथेरपिस्ट असायलाच हवा. व्यायामाचा कागद मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही द्या. पूर्व भागात पुष्कळ घरांत घरची बोली तेलुगू आहे, हे शिबिर भरवणाऱ्यांना सांगावं लागू नये.

पाचव्या मागणीवर संबंधितांनी उत्तर द्यावं, ही विनंती. "होत नाही" असं असेल तर का होत नाही, तेही सांगा. आमच्या कारखान्यातल्या अकरा बायकांनी या पत्राखाली सह्या करायची तयारी दाखवली आहे. त्यातल्या सहा जणींनी आपला जबडा वाजतो, असं मला पहिल्यांदाच सांगितलं.

अक्काची तपासणी अजून झालेली नाही. येत्या गुरुवारी कामाला सुट्टी टाकून मी तिला घेऊन जाणार आहे. तिच्या तक्रारी मी एका कागदावर लिहिल्या आहेत, आणि कागदावर काय आहे ते तिला स्वतः वाचता यावं म्हणून तिच्या मुलीनं त्याखाली तेच तेलुगूत लिहिलं आहे. पहिल्या ओळीत जबडा आहे, दुसऱ्या ओळीत मान, तिसरीत घेरी. तो कागद ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांनी कृपया तिन्ही ओळी वाचाव्यात.

आपली,
पूर्व भागातील एक शिलाई कामगार,
सोलापूर